याफो ते यरुशलेम : आपल्या दारावरून गेलेली आगगाडी



आपल्या प्रार्थनालयाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्यावे, असे कार्यकारी मंडळाने आम्हाला सांगितले. आम्ही व्यवसायाने परिचारिका. तीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमा आणि त्यानंतर वॉर्डात काढलेला जन्म एवढीच आमची विद्या. नवगावच्या किनाऱ्याला लागलेले तारू, कोकणातले आपले शनवार तेली पूर्वज, मुंबईचे पहिले सिनेगॉग या विषयांवर आपल्यातील जाणकारांनी पूर्वीच पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्यात आम्ही नवी भर ती काय घालणार? म्हणून जरा निराळा विषय घेतला आहे. लोद आणि रामले येथे राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या अगदी दारावरून जाणारी, यहुदाच्या डोंगरातून वळणे घेत यरुशलेमला चढणारी जुनी रेल्वे, हा तो विषय होय.

ही गाडी कधीच वेगवान नव्हती. कंपनीला तिने गडगंज पैसा मिळवून दिला असेही नाही. परंतु सव्वाशे वर्षांच्या काळात ती अनेकदा मोडली, बंद पडली, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ती पुन्हा उभी केली. २०२० साली तिचा डोंगरातला भाग पुन्हा एकदा थांबला. ज्यांनी तिच्यातून प्रवास केला ते आता म्हातारे झाले आहेत. त्यांनी सांगितले नाही, तर नातवंडांना अशी गाडी होती हेही कळणार नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपण रेल्वेची माणसे

बेने इस्रायल समाजाचा आणि रेल्वेचा संबंध जुना आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली आणि पुढे आपल्या कित्येक घरांत रेल्वेची नोकरी आली. कोणी वर्कशॉपात फिटर, कोणी लोको शेडमध्ये, कोणी गार्ड, कोणी स्टेशन मास्तर, कोणी हिशेबखात्यात कारकून. कल्याण, इगतपुरी, अजमेर, अहमदाबाद, कराची अशा गावांत आपली माणसे पोहोचली, त्यातही रेल्वेचा मोठा हात होता. त्यामुळे रेल्वेचा घाट म्हणजे काय हे आपल्या जुन्या मंडळींना समजावून सांगायला नको. बोरघाटाचा रस्ता १८६३ साली खुला झाला. कर्जतला गाडी थांबायची, मागून बँकर इंजिने लागायची, तेवढ्या वेळात फलाटावर गरम वडे घ्यायचे आणि मग धापा टाकत खंडाळ्याकडे चढायचे, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाने घेतला आहे. १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरानची छोटी गाडीही आपल्या परिचयाची. बोगद्यात शिरताना मुलांनी केलेला गलका अजून कानात आहे.

यरुशलेमची गाडी या दोहोंच्या मधली म्हणावी लागेल. माथेरानच्या गाडीसारखी ती खेळण्यातली नव्हती, आणि बोरघाटाइतकी तिची वर्दळही नव्हती. समुद्रकाठच्या याफोपासून यरुशलेमपर्यंत सुमारे ८७ किलोमीटर लांबी आणि सुमारे ७५० मीटर चढ. लोद आणि रामल्यापर्यंत सपाट शेते, पुढे टेकड्या, आणि बेत शेमेशनंतर खरा घाट. डोंगर फोडून सरळ वर जाण्याऐवजी हा रस्ता नदीच्या खोऱ्याला चिकटून, तिच्या प्रत्येक वळणाबरोबर वळत गेला. त्यामुळे खर्च वाचला, परंतु वळणे इतकी आवळ झाली की गाडीला पुढे कधीच वेग घेता आला नाही. ती सुंदर का दिसते आणि ती हळू का चालते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर हे एकच आहे.

नवोन बे यांची खटपट

याफो बंदरावर उतरून यरुशलेमला जाणे पूर्वी मोठे कष्टाचे होते. घोड्यावरून, खेचरावरून किंवा रस्ता बरा असेल तेव्हा घोडागाडीतून अख्खा दिवस जायचा, कधी वाटेत मुक्काम पडायचा. येथे रेल्वे व्हावी ही कल्पना बरीच जुनी आहे. १८५० च्या दशकात सर मोझेस मोंटेफिओरे यांनी इंग्लंडमध्ये त्यासाठी प्रयत्न केले. ते तडीस गेले नाहीत. पुढे अनेकांनी नकाशे काढले, ते कागदावरच राहिले.

हे काम मार्गी लावणारा गृहस्थ यरुशलेमचाच निघाला. योसेफ नवोन यांचा जन्म १८५८ साली यरुशलेममधील एका सेफारदी घराण्यात झाला. त्यांच्याबरोबर यरुशलेमचे स्विस सावकार योहानेस फ्रुटिगर होते आणि जॉर्ज फ्रांगिया नावाच्या इंजिनिअराने रस्त्याचा आराखडा तयार केला होता. नवोन यांनी इस्तंबूलला मुक्काम ठोकला. तुर्की दरबारात एक कागद पुढे सरकायला किती उंबरठे झिजवावे लागतात हे सांगायला नको. अखेर २८ ऑक्टोबर १८८८ रोजी सुलतान अब्दुल हमीद यांच्या सरकारकडून ७१ वर्षांचा परवाना मिळाला. त्या वेळी नवोन अवघे तीस वर्षांचे होते.

परवाना हाती आला, पण रूळ टाकायला भांडवल कोठून आणायचे? युरोपातील श्रीमंतांकडे त्यांनी खेपा घातल्या. शेवटी हा परवाना त्यांनी दहा लाख फ्रँकला एका फ्रेंच गृहस्थाला विकला, आणि १८८९ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये रेल्वे कंपनी स्थापन झाली. नवोन यांना सुलतानाकडून 'बे' हा किताब मिळाला, फ्रान्स सरकारनेही मान दिला. परंतु पुढे त्यांच्या व्यवहारांना उतरती कळा लागली. त्यांनी उत्तरायुष्य युरोपात काढले आणि १९३४ साली ते वारले. ज्याने गाडी आणली त्याला तिच्यापासून फारसे सुख मिळाले नाही.

रूळ टाकणारे हात

कामाचा नारळ, आपल्या भाषेत बोलायचे तर, ३१ मार्च १८९० रोजी याफोजवळच्या याझूर येथे फुटला. मजूर इजिप्त, सुदान, अल्जीरिया येथून आणले होते. दगडाचे काम बेथलेहेम आणि बेत जाला येथील पाथरवटांकडे होते. इंजिनिअर युरोपातील निरनिराळ्या देशांचे, इंजिने अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या बाल्डविन कारखान्याची. एका ८७ किलोमीटरच्या रस्त्यासाठी निम्मे जग एकत्र आले होते.

येथे एक गोष्ट परिचारिका या नात्याने नमूद करावीशी वाटते. या कामावर मजूर मोठ्या संख्येने मेले. काही दगड फोडताना दगावले, पण पुष्कळसे हिवतापाने आणि आमांशाने. सपाटीवरची दलदल, उघड्यावर झोपणे, गढूळ पाणी. मग आणखी काय होणार? आज आपण म्हणू की मच्छरदाणी का दिली नाही, डबकी का बुजवली नाहीत. परंतु हिवताप डासामुळे पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ते कोडे डॉ. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्या हिंदुस्थानातच, सिकंदराबादेस, डासाच्या पोटात शोधून उलगडले. तोपर्यंत यरुशलेमची गाडी सुरू होऊन पाच वर्षे होत आली होती. दूषित हवेने ताप येतो असे समजून माणसे क्विनाइन घेत आणि रात्री पुन्हा त्याच डासांत झोपत.

आम्ही नर्सिंग शिकताना हा धडा पाठ केला होता. पण त्या धड्याचा अर्थ रामल्याच्या शेतांतून जाणाऱ्या या रुळांकडे पाहताना अधिक कळला. नवोन बे यांचे नाव पुस्तकात आहे, सुलतानाचे आहे, कंपनीचेही आहे. सुदानहून आलेल्या मजुराचे नाव कोठेही नाही. आपल्या वाडवडिलांनीही भारतात अशाच रुळांवर, अशाच शेडमध्ये आयुष्य घालवले आणि त्यांचीही नावे कोठे कोरलेली नाहीत. म्हणून या मजुरांचे स्मरण आपण तरी करावे.

पहिली गाडी आणि तापाने फणफणलेला एक प्रवासी

२६ सप्टेंबर १८९२ रोजी रेल्वेचे रीतसर उद्घाटन झाले. एरेत्स इस्रायलमधील ही पहिली रेल्वे होय. याफोनंतर लोद, रामले, सेजेद, देर आबान, बत्तीर आणि यरुशलेम अशी स्टेशने होती. देर आबानचे स्टेशन म्हणजे आजच्या बेत शेमेशचा परिसर. प्रवासाला साडेतीन ते चार तास लागत, कधी त्याहून अधिक. चढावर गाडी इतकी मंद चालायची की उतरून फुले तोडावीत आणि पुन्हा चढावे, असे लोक थट्टेने म्हणत. आपल्याकडे माथेरानच्या गाडीबद्दलही हेच म्हणतात.

या गाडीच्या प्रवाशांपैकी एक आपल्या सर्वांना पूजनीय आहे. थिओडोर हर्झल १८९८ च्या ऑक्टोबरात या देशात आले होते. २८ तारखेला, शुक्रवारी, ते याफोहून यरुशलेमला निघाले. अंगात ताप होता, डबा गच्च भरलेला, उकाडा भयंकर, त्यातून गाडीला उशीर. यरुशलेमच्या स्टेशनावर पोहोचेपर्यंत शब्बाथ लागला होता. गाडीघोडा करणे आले नाही, तेव्हा अंगात ताप असताना काठीच्या आधाराने ते पायी आपल्या मुक्कामाच्या जागी गेले. स्वतः फारसे कर्मठ नसलेल्या माणसाने त्या अवस्थेत शब्बाथचा मान ठेवला, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. रोग्याची सेवा करण्यात आयुष्य गेले असल्यामुळे, अशा रोग्याला त्या रात्री चालू देऊ नये असेही मनात आल्यावाचून राहत नाही!

तीन सरकारे, तीन मापे

आपल्या रेल्वेवाल्या मंडळींना आवडेल अशी एक हकिकत आता सांगतो. ही रेल्वे सुरू झाली ती मीटर गेजवर, म्हणजे अहमदाबाद-अजमेरकडे राहिलेल्यांना ठाऊक असलेल्या एक मीटर रुंदीच्या रुळांवर. मुंबईची साडेपाच फुटी ब्रॉडगेज पाहिलेल्या डोळ्यांना ती अरुंदच वाटली असती. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि तुर्की लष्कराने रेल्वे ताब्यात घेतली. याफो बंदरावर शत्रूच्या बोटी येतील म्हणून याफो ते लोद हा भागच उखडला, आणि ते रूळ दुसरीकडे नेऊन टाकले. लोद ते यरुशलेम या भागाचे माप १९१५ साली बदलून १०५० मिलिमीटर केले, कारण तुर्कांची हेजाज रेल्वे त्या मापाची होती. पाच सेंटिमीटरांचा फरक! पण तेवढ्यासाठी सगळे रूळ उकलून पुन्हा ठोकावे लागले.

१९१७ साली इंग्रजी फौजा आल्या. माघार घेताना तुर्कांनी पूल उडवले. ११ डिसेंबर १९१७ रोजी जनरल अॅलनबी यरुशलेममध्ये शिरले. त्यांच्या फौजांत हिंदी सैनिकही मोठ्या संख्येने होते, आणि यरुशलेमच्या तलपियोत भागात हिंदी सैनिकांची दफनभूमी आजही आहे. आपल्यापैकी जे कोणी तेथे गेले नसतील त्यांनी एकदा अवश्य जावे. इंग्रजांनी पुन्हा माप बदलले आणि १९१८ साली लोद-यरुशलेम रस्ता १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचा केला. याफोचा तुकडा १९२० पर्यंत पूर्ण झाला. इजिप्तहून येणारी आणि हैफाला जाणारी गाडी लोदला मिळू लागली, आणि लोद हे मोठे जंक्शन बनले. आज आपल्या लोदमध्ये रात्री-बेरात्री गाड्यांचे आवाज ऐकू येतात, त्याचे मूळ तेथे आहे.

तीस वर्षांच्या आत एकाच रस्त्याला तीन मापे लागली. सरकार बदलले की माप बदलायचे. डोंगर आणि खोरे मात्र तेच, आणि वळणेही तीच.

पीठ, सिमेंट आणि सेफेर तोरा

१९४८ च्या लढाईत गाडी बंद पडली. यरुशलेमला वेढा पडला, रस्ते अडले, आणि शहरातील लोकांना पाणी आणि भाकरी मोजून मिळू लागली. आपल्यापैकी जे त्या सुमारास भारतातून निघण्याच्या तयारीत होते, ते मुंबईच्या वर्तमानपत्रांतून या बातम्या वाचत होते.

३ एप्रिल १९४९ रोजी ऱ्होड्स बेटावर इस्रायल आणि जॉर्डन यांच्यात शस्त्रसंधी झाला. या करारात रेल्वेचा रस्ता हा महत्त्वाचा प्रश्न होता, कारण बत्तीर गावाजवळ सीमा नेमकी रुळांवर येत होती. करारानुसार संपूर्ण रेल्वे इस्रायलकडे आली. बत्तीरचे गावकरी अरब, आणि त्यांची काही शेते रुळांच्या अलीकडे. तेथील हसन मुस्तफा नावाच्या पुढाऱ्याने लढाईच्या दिवसांत घरांतून दिवे लावून आणि दोरीवर कपडे वाळत घालून गाव ओस पडलेले नाही असे भासवले, अशी गोष्ट सांगतात. मग मोशे दयान यांच्याशी बोलणी झाली, आणि असे ठरले की गावकऱ्यांनी रेल्वेला धक्का लावू नये, व त्यांनी रुळांपलीकडची आपली शेते पूर्वीप्रमाणे कसावीत. ज्या काळात दोन्ही बाजूंनी बंदुका रोखलेल्या होत्या, त्या काळात झालेला हा समजुतीचा करार कोणाही शहाण्या माणसाला विचार करायला लावील.

७ ऑगस्ट १९४९ रोजी इस्रायल सरकारची पहिली गाडी समारंभपूर्वक यरुशलेमला गेली. तिच्यात काय होते? पीठ, सिमेंट आणि तोराचे ग्रंथ. म्हणजे पोटासाठी अन्न, घरासाठी सिमेंट आणि आत्म्यासाठी तोरा. ज्याने कोणी ही यादी ठरवली त्याला आमचा नमस्कार. उतारूंसाठी नियमित गाडी २ मार्च १९५० पासून सुरू झाली. त्याच वर्षांत आपले लोक विमानाने लोदच्या विमानतळावर उतरत होते, तंबूंच्या आणि पत्र्याच्या वस्त्यांत राहत होते, कोणी बेर शेव्याकडे, कोणी रामल्याकडे पाठवले जात होते. रेल्वे आणि आपण एकाच वेळी या देशात नव्याने सुरुवात करत होतो.

खिडकीतून दिसणारा तनाख

आमची पिढी या देशात आली तेव्हा डिझेलची इंजिने होती. यरुशलेमला जायला बस झटपट मिळे, आणि घाई असलेला माणूस बसनेच जाई. पण सणासुदीला किंवा भारतातून कोणी पाहुणे आले म्हणजे आम्ही चार-पाच कुटुंबे मिळून मुद्दाम लोदहून गाडीने जात असू. बरोबर चपात्या, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी, आणि थर्मासात वेलची घातलेला चहा. डब्यातील इतर प्रवासी कुतूहलाने पाहत, आणि मग त्यांनाही चपाती द्यावी लागे.

रामले सोडले की शेते लागत. थोडे पुढे बेर शेव्याचा फाटा डावा-उजवा होऊन निघून जाई. बेत शेमेश आले की वडीलधारी मंडळी मुलांना खिडकीशी बोलावत, कारण येथून पुढे तनाख सुरू होतो. पलिश्ती लोकांनी कराराचा कोश गाईंच्या गाडीवर ठेवून परत पाठवला तो या बेत शेमेशला. जवळच शिमशोनचे सोरा आणि एश्ताओल. आणि गाडी ज्या खोऱ्यात शिरते ते नहल सोरेक, जेथे दलीला राहत होती. शाळेच्या पुस्तकात हे वाचणे निराळे आणि चहाचा पेला हातात धरून खिडकीतून पाहणे निराळे.

खोऱ्यात शिरल्यावर दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येत. पांढरट दगडांच्या ताली, त्यांवर जैतुनाची झाडे, खाली नदीचे कोरडे पात्र. तू बिश्वातच्या सुमारास बदामाला फूल येई, आणि पाऊस बरा झाला असेल तर लाल कलानियोत दिसत. गाडी एका वळणावरून दुसऱ्या वळणावर जाताना मागचा शेवटचा डबा खिडकीतून दिसे आणि मुले टाळ्या पिटत. आमच्यातील कोकणच्या बायका म्हणत, "इथे पावसाळा असता तर हाच आपला घाट." खरे होते. पाणी आणि हिरवळ सोडली तर उरलेले सगळे तसेच होते, इंजिनाचे कण्हणेसुद्धा.

बार गियोरापाशी रेफाईमचे खोरे मिळते, आणि गाडी सोरेकला सोडून त्याच्या काठाने वर चढते. मग बत्तीर. तेथील पायऱ्यापायऱ्यांची शेते आणि झऱ्याच्या पाण्याचे पाट फार जुने आहेत, आणि २०१४ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा मान दिला. याच ठिकाणाजवळ प्राचीन बेतार होते. बार कोखबाचा शेवटचा किल्ला इसवी सन १३५ मध्ये येथे पडला. तिशा बे-आवला आपण उपास करतो त्यात या बेतारचेही दुःख आहे. आमच्याबरोबरचे एक वयस्कर गृहस्थ बेतार आले की बोलणे थांबवत आणि गाडी पुढे जाईपर्यंत टोपी सारखी करून स्वस्थ बसत. त्यांनी कोणाला उपदेश केला नाही, पण मुले आपोआप गप्प होत.

त्यानंतर यरुशलेमची घरे दिसू लागत आणि गाडी त्या जुन्या दगडी स्टेशनात, १८९२ सालच्याच फलाटावर, जाऊन उभी राही.

बंद, सुरू, पुन्हा बंद

१९९८ साल आले. त्याच वर्षीच्या जानेवारीत आपल्या कोकणात मोठा आनंद झाला, कारण रोह्यापासून थेट खाली मंगळूरपर्यंत कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला. रोहेकर, पेणकर, नवगावकर मंडळींना कोण अभिमान! आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या १४ तारखेला, रूळ जीर्ण झाले म्हणून, यरुशलेमची गाडी थांबली. एका घाटात शिट्टी वाजू लागली आणि दुसऱ्या घाटातली बंद झाली.

मग दुरुस्ती झाली. सप्टेंबर २००३ मध्ये गाडी बेत शेमेशपर्यंत आली आणि ९ एप्रिल २००५ पासून यरुशलेमच्या मल्हा स्टेशनापर्यंत धावू लागली. रूळ नवे, डबे नवे. पण वळणे जुनीच, त्यामुळे तेल अवीवहून मल्हाला पोहोचायला सुमारे दीड-पावणेदोन तास लागत. शिवाय मल्हा हे शहराच्या टोकाला. कामावर जाणाऱ्यांच्या ती उपयोगाची नव्हती. परंतु वाटेत प्राणिसंग्रहालयाला लागूनच एक स्टेशन केले होते, आणि त्या पंधरा वर्षांत आपल्यातील कित्येक आजी-आजोबांनी नातवंडांना लोद-रामल्याहून गाडीने थेट हत्ती-जिराफांच्या दारात नेले. यात काय वाईट झाले?

२५ सप्टेंबर २०१८ रोजी नवी वेगवान रेल्वे सुरू झाली, आधी विमानतळापासून आणि २०१९ च्या डिसेंबरपासून तेल अवीवहून. साडेअकरा किलोमीटरहून लांब बोगदा, दऱ्यांवरून उंच पूल, ताशी १६० किलोमीटर वेग. जमिनीखाली सुमारे ८० मीटर खोल असलेल्या यरुशलेमच्या स्टेशनाला पाचवे राष्ट्राध्यक्ष यित्सहाक नवोन यांचे नाव दिले आहे. पहिली रेल्वे एका नवोन यांनी आणली आणि नव्या रेल्वेच्या स्टेशनावर दुसऱ्या नवोन यांचे नाव आले. अर्ध्या तासात माणूस वर पोहोचतो. दवाखान्याच्या वेळा गाठणाऱ्या आमच्यासारख्यांना याचे मोल पुरेपूर ठाऊक आहे, आणि या नव्या गाडीला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु बोगद्यातून तनाख दिसत नाही एवढे मात्र खरे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे सगळ्याच गाड्या थांबल्या. साथ ओसरली, इतर गाड्या सुरू झाल्या, पण बेत शेमेशपासून मल्हापर्यंतची गाडी पूर्वीसारखी परतली नाही. रूळ गंजले आणि गवत वाढले. ज्या रस्त्याला दोन युद्धे आणि तीन मापे थांबवू शकली नाहीत, तो वेळापत्रकातून एक ओळ वगळल्याने थांबला.

आपण काय करावे

जुन्या गोष्टींबद्दल हळहळ करत बसणे आमच्या स्वभावात नाही. वॉर्डात एक शिस्त असते, की आपली पाळी संपली म्हणजे पुढच्या पाळीच्या नर्सला रोग्याची सगळी हकिकत सांगितल्याशिवाय घरी जायचे नाही. तसेच हे आहे. आपली पाळी संपत आली आहे. हकिकत सांगून जाणे आपले काम.

बेत शेमेशपर्यंत गाडी जाते. एखाद्या दिवशी नातवंडांना लोदहून किंवा रामल्याहून तेथवर न्यावे आणि सोरेकच्या खोऱ्याचे तोंड दाखवावे. यरुशलेमचे जुने स्टेशन २०१३ पासून खाण्यापिण्याचे आणि करमणुकीचे ठिकाण म्हणून खुले आहे, आणि तेथून निघालेल्या जुन्या रुळांच्या जागी चालण्यासाठी छान रस्ता केला आहे. गुडघे दुखत असले तरी चालता येईल असा तो सपाट आहे, कारण आगगाडीला चढ मानवत नाही, तसाच तो आपल्या वयालाही मानवत नाही. याफोचे जुने स्टेशनही दुरुस्त करून लोकांसाठी खुले केले आहे. दोन्ही टोके पाहता येतात. मधला भाग मात्र आपल्याला तोंडाने सांगावा लागेल.

शक्य असेल त्यांनी तो मराठीतच सांगावा. 'रकेवेत' हा शब्द मुलांना शाळेत मिळतो. 'आगगाडी', 'घाट', 'रूळ', 'फलाट' हे शब्द त्यांना आपल्याशिवाय कोण देणार? ज्यांच्या घरी वडिलांचे रेल्वेचे ओळखपत्र, गार्डाची शिट्टी, बिल्ला किंवा वर्कशॉपातला फोटो ट्रंकेत पडून असेल त्यांनी तो बाहेर काढावा, मागे नाव आणि साल लिहावे, आणि प्रार्थनालयाच्या चिटणिसांना दाखवावा. पुढील स्मरणिकेत त्यांचे एक पान व्हावे अशी आमची सूचना आहे. सुदानच्या मजुराचे नाव आपल्याला मिळणार नाही. आपल्या वडिलांचे तरी हरवू नये.

या रस्त्यावर पुन्हा गाडी धावेल की नाही हे रेल्वेखात्याच्या हाती आहे. परंतु १८९२ पासून आजवरचा इतिहास पाहता, या खोऱ्यातले रूळ कायमचे संपले असे म्हणण्याची घाई कोणी करू नये. पुढच्या वर्षी यरुशलेम असे आपण दर पेसाहला म्हणतो. ते गाडीने, त्याच वळणांवरून घडावे, अशी प्रार्थना करून आणि आपल्या प्रार्थनालयाच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा देऊन हा लेख पुरा करतो.

शालोम.